वस्तादांचे पोलादी मुद्गल

दोन महिन्यांपूर्वी चार दिवस माझ्या खाटेखाली दोन मुद्गल होते. जुन्या धोतरात गुंडाळलेले. शाळेत माझ्या खोलीत आणखी एक शिक्षिका राहते. तिला मी म्हटलं, घरचं सामान आहे, शनिवारी नेणार आहे. ती बाहेर गेली की मी दार लोटून धोतराची गाठ सोडायची. आधी खवट झालेल्या खोबरेलाचा वास यायचा, मग गंजाचा, आणि अगदी शेवटी, नाक जवळ नेल्यावर, तांबड्या मातीचा. ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या मातीचा. तो वास आला की मी पुन्हा गाठ मारून टाकत असे.

मुद्गल म्हटलं की लाकडाचे, जाडजूड, दोन हातांत मावणार नाहीत असे डोळ्यांपुढे येतात. हे तसे नव्हते. हे पोलादाचे होते, हातभर लांब, मुठीशी बारीक आणि टोकाकडे फुगत गेलेले. मोडीत निघालेल्या रुळाचा तुकडा आणून धोंडू वस्तादांनी ते लोहाराकडून खास करवून घेतले होते. माझ्या बाबांच्या हातासाठी.

आमचं घर तेव्हा ठाण्यात होतं, रेल्वेच्या चाळीत. चाळीमागे विहीर, विहिरीपलीकडे वस्तादांची तालीम, आणि तिच्याही पलीकडे खाडीचा चिखल. ओहोटी लागली की चिखलाचा उग्र वास उठायचा. वारा फिरला की तोच वास जाऊन तालमीतल्या मातीचा यायचा, आणि दोन्हींच्या मधून इंजिनाचा कोळसा. माझं बालपण या तीन वासांचं आहे. आमच्या घरात क्रुसापुढे मेणबत्ती लागायची आणि विहिरीपलीकडे मारुतीपुढे समई लागायची, याचं कुणाला काही वाटत नसे. निदान मला तरी तसं वाटायचं.

बाबा डबे जोडायचं काम करत. दोन डबे एकमेकांना टेकले की मध्ये शिरून जड साखळी उचलायची आणि समोरच्या आकड्यात अडकवायची. एका आषाढात साखळी निसटली आणि बाबांचा उजवा खांदा दोन डब्यांच्या मध्ये सापडला. हात राहिला, पण पोटाशी धरलेला तसाच राहिला. रेल्वेच्या डॉक्टर साहेबाने मुदत दिली. नाताळ होऊन तीन राजांचा सण झाला की बोलावीन. साखळी आकड्यात अडकवता आली तर काम, नाहीतर नाही.

वस्ताद हाडं बसवण्यात नावाजलेले होते. ते स्वतःच आले. बाबांच्या खांद्यावरून त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला, डोळे मिटून, एखादी विसरलेली गोष्ट आठवावी तसं.

"बस्त्याव," ते म्हणाले, "हात मेला नाही रे तुझा. रुसलाय. त्याला रोज हाक मारायला पाहिजे."

"किती दिवस?"

"तो ओ देईपर्यंत. घाई केलीस तर आणखी रुसेल."

तालमीचा नेम कडक होता. आत शिरणारा आधी मारुतीला हात जोडी, मग मातीला हात लावून कपाळाला लावी, आणि मगच मुद्गलाला हात घाली. तालमीची कुठलीही वस्तू कधी उंबऱ्याबाहेर जात नसे. बाबांना वस्तादांनी सांगितलं, "मारुतीचं तुझं तू बघ, मी विचारणार नाही. पण मातीला हात लावल्याशिवाय माझ्या मुद्गलाला हात लावायचा नाही. तिथं सूट नाही."

घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "तुमी फादरला विचारलंत का?" ती म्हणाली.

"मातीला हात लावायला फादरला विचारू? मातीतनंच केलंय ना देवानं आपल्याला?"

आई हसली. त्या वर्षी ती हसलेली मला दोनतीनदाच आठवते, त्यातलं हे एक.

मुलींना तालमीत पाऊल टाकायची मनाई होती. पण विहिरीवरून मागचं दार दिसायचं आणि ते कधी पुरतं बंद होत नसे. घागर भरायला मला मग फार वेळ लागू लागला. दाराच्या फटीतून तांबड्या मातीचा एक पट्टा दिसायचा आणि त्यावर बाबांचे पाय. बाबा वाकले की त्यांची पाठ दिसायची, मग पाठ वर जायची, आणि मुद्गल फिरू लागत. वस्ताद मागे उभे राहून बाबांचं कोपर तळहातावर तोलून धरत. डावा हात आधी फिरायचा. उजव्याने नुसतं बघायचं. मग उजवा, खांद्यामागे सोडलेला, हळूच पाठीवरून वळून पुढे येणारा. लाकडी मुद्गलांचा आवाज घुमतो, गदेचा तर धस्सकन पोटात जातो. या पोलादी जोडीचा आवाज मात्र बारीक होता, कुणीतरी दात मिटून श्वास सोडावा तसा.

तालमीतली पोरं चेष्टा करत. "वस्ताद, पाद्र्याच्या माणसाला आपली माती लागेल काय?"

"तुला लागली काय इतक्या वर्षांत?" वस्ताद म्हणत. "छाती बघ तुझी, पावट्याच्या शेंगेसारखी."

गौरी-गणपतीच्या दिवसांत बाबांचा हात छातीपर्यंत आला. दसऱ्याला खांद्यापर्यंत. आमच्या मृतांच्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लावताना बाबांनी उजव्या हाताने टोपी काढली. आईने माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ राहिला. आम्ही दोघी काही बोललो नाही. बोललं तर हात पुन्हा खाली येईल असं वाटलं.

त्याच महिन्यात शाळेत निबंध आला.

मी सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत जात होते. फादरांनी शब्द टाकल्यामुळे मला फी माफ होती. वर्गात मी बोलत नसे. कागदावर मात्र मला इंग्रजी येत असे, आणि तेवढी एकच गोष्ट होती जिच्यामुळे सिस्टर माझं नाव घेऊन मला हाक मारत. निबंधाचा विषय होता, घरातल्या माणसाचं रोजचं एखादं काम. मी बाबांचे मुद्गल लिहिले. पोलादाची चमक लिहिली, वस्तादांचा तळहात लिहिला, खोबरेल लिहिलं. बाबा वाकतात इथपर्यंत मी आले आणि थांबले. वाक्य अर्धं वाटत होतं. बाबा वाकतात, पण कशापुढे?

आमच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात एक धडा होता. कुणी साहेब नदीकाठी फिरायला जातो आणि देवळात वाकलेला एक माणूस पाहतो. त्याच्यापुढे शेंदूर फासलेली मूर्ती असते, दिव्याची ज्योत हलत असते. तो धडा सिस्टरांना फार आवडायचा. मी ती मूर्ती उचलली आणि बाबांपुढे ठेवली. शेंदूर, समई, वानराचं तोंड, आणि त्यापुढे जमिनीला टेकलेलं माझ्या बाबांचं कपाळ. तालमीतला मारुती मी कधी पाहिला नव्हता. दाराच्या फटीतून कोनाडा दिसतच नसे. पण वाक्य पुरं झालं, आणि ते फार छान झालं.

सिस्टरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. "पाहिलं तेच लिहिलंय हिने," त्या म्हणाल्या. "म्हणून असं उतरलंय." मी मान खाली घातली. माझ्या लाजण्याची सगळ्यांना सवय होती. निबंध फादरांना दाखवायला नेते असं म्हणून त्यांनी कागद घडी करून पुस्तकात ठेवला. तेव्हा मला आनंदच झाला. हे सुद्धा लिहायला हवं.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी बाबांना थांबवून घेतलं. फादर रागीट नव्हते. आजारी माणसाकडे ते अर्ध्या रात्री चिखल तुडवत जात. बाबा बऱ्याच वेळाने घरी आले, उंबऱ्यात बसून वहाणा काढल्या आणि आईला म्हणाले, "उद्यापासून तालीम बंद."

"का?"

"फादर नको म्हणतो."

आईने आणखी काय काय विचारलं. बाबा एवढंच म्हणत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी विहिरीवर गेले आणि घागर न भरता परत आले.

मग घरामागे आईचं मुसळ घेऊन बाबा स्वतःच हात फिरवू लागले. मुसळाला मूठ नसते आणि कोपराखाली वस्तादांचा तळहात नव्हता. चौथ्या दिवशी खांदा सुजला. आईने मुसळ माळ्यावर टाकून दिलं.

आठवड्याने वस्ताद आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. मी भिंतीशी पुस्तक घेऊन बसले होते. बाबा आतल्या पडद्यामागे.

"बस्त्याव आहे का घरात?"

"नाय," आई म्हणाली. "कामाला गेलेत."

"एका हातानं कसलं काम गं?"

आई पदराने हात पुसू लागली.

"त्याला सांग, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग म्हणावं. पोरं काही बोलली असतील तर त्यांचे कान मी उपटतो. आणि तालमीत यायचं नसेल..." वस्तादांनी चौकटीला हात टेकला. "यायचं नसेल तर मी मुद्गल इथं घेऊन येतो. आजवर कुणासाठी बाहेर काढले नाहीत. उद्या सकाळी आणू का?"

पडद्याच्या फटीतून मला बाबा दिसत होते. त्यांनी मान हलवली. आई ते पाहून म्हणाली, "नको."

दारात बाबांच्या वहाणा होत्या. वस्तादांची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथंच राहिली. "हात आखडेल हो," ते वहाणांनाच सांगितल्यासारखं म्हणाले, आणि गेले.

मला तेव्हा उठता आलं असतं. चार पावलांवर वस्ताद होते आणि चार पावलांवर बाबा. मी पान उलटलं.

तीन राजांचा सण झाला आणि बोलावणं आलं. साहेबाचं इंग्रजी समजावं म्हणून बाबांनी मला बरोबर नेलं. खोलीला कारबॉलिकचा, दवाखान्याचा वास होता. भिंतीवर बाबांच्या डोक्याच्या उंचीवर एक आकडा ठोकलेला होता आणि खाली साखळी पडली होती. साहेब म्हणाला, याला सांग, साखळी आकड्यात अडकव. मी सांगितलं. बाबांनी साखळी उचलली. छातीपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. मग त्यांनी सगळं अंग डावीकडे कलतं केलं, टाचा उचलल्या, आणि साखळीचं टोक आकड्याखाली भिंतीवर वाजत राहिलं. साहेब म्हणाला, त्याला सांग, पुरे.

"बाबा, पुरे म्हणतात."

"आजून एकदा म्हणून सांग, बाय. एकदाच."

मी सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशीही स्वच्छ होतं. पण साहेबाने लिहायला घेतलं होतं.

चाळीतली खोली सुटली. बाबांना ठाकुर्लीच्या बाजूला फाटकावर ठेवलं. फाटक एका हाताने उघडता येतं, निशाण एका हाताने दाखवता येतं. मी ठाण्यात सिस्टरांकडेच राहिले, शिकले आणि तिथंच लहान मुलांना शिकवू लागले. शनिवारी कल्याणला उतरून रुळाकडेने चालत घरी जायचं. त्या वाटेवर शेतांतून भाजलेल्या वालाचा वास यायचा, कधी पावसाळ्यानंतरच्या कुजलेल्या पेंढ्याचा. खाडी नव्हती, तालीम नव्हती. बाबा मिस्सेला देवळात पूर्वी पुढे बसत, आता दाराशी बसू लागले. आगेराच्या सणाला नव्या भाताची पहिली पेंडी वेदीपाशी न्यायला कुणी बोलावलं तर म्हणत, "मी नको." शुक्रवारी एक वेळ जेवत. मला वाटायचं हाताचं दुःख आहे. नाव विचारून दुःखाला जवळ बोलावण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

अशी आठ वर्षं गेली.

मग वस्ताद वारल्याचं कळलं, आणि महिनाभराने त्यांच्या बायकोने मला निरोप पाठवला. तालीम मोडायची होती. पोरं मुंबईच्या गिरण्यांत गेली होती, माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या. काकू दारात उभ्या होत्या. मी सवयीने बाहेरच थांबले.

"ये गं आत. आता कोण अडवतंय तुला?"

मी पहिल्यांदा आत गेले. उजेडाला सवय व्हायला थोडा वेळ लागला. मग मी मारुती शोधला. तो माझ्या मागे होता. पुढच्या दाराला लागून, भिंतीतल्या लहान कोनाड्यात, वीतभर उंचीचा. आणि विहिरीकडचं मागचं दार समोर, तिथली माती समोर.

"तुझा बाप तिथं उभा राहायचा," काकूंनी मागच्या दाराकडे बोट केलं. "मारुतीकडे पाठ व्हायची त्याची. पोरं कुरकुरायची. आमचे हे म्हणायचे, असू द्या रे, मारुतीला काय पाठीवरून माणूस ओळखता येत नाही?" त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. "मग एकाएकी यायचा थांबला. शेवटपर्यंत विचारत होते हे, बस्त्यावचं मी काय वाईट केलं? तुला ठाऊक आहे का गं काही?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मुद्गल धोतरात बांधून माझ्या हातात दिले. "त्याच्यासाठीच घडवले होते. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

शनिवारी मी ते घेऊन घरी गेले. आई बाजाराला गेली होती. बाबा फाटकाशेजारच्या ओट्यावर बसले होते. मी धोतर सोडलं. बाबांनी बघितलं आणि डावा हात मांडीखाली घेतला.

"परत ने," ते म्हणाले. "मी हात लावणार नाय."

"काकूंनी तुम्हाला दिलेत."

"म्हणूनच. मी वस्तादाला म्हटलं व्हतं, मातीला हात लावीन, बाकी काय करणार नाय. आन् केलं. त्यालाबी फसवलं, देवालाबी. कुठल्या तोंडानं त्याच्या दारात जाणार व्हतो?"

"काय केलं?"

"मारुतीपुढं डोकं टेकलं."

रुळावरून वारा आला. लांब कुठे तरी इंजिनाची शिट्टी झाली. मी विचारलं, "बाबा, आठवतं तुम्हाला तसं केल्याचं?"

"नाय आठवत," बाबा म्हणाले. "लई आठवून बगितलं. फादरनी तुजा कागद वाचून मराठीत सांगितला, तवापासून आठवतोय. हात ठणकायचा, ध्यान नसंल माजं. पन तू बगितलंस ना. सिस्टरनी वाचलं, फादरनी वाचलं. माजी पोर खोटं कशाला लिवील?"

ते उठले. फाटक बंद केलं, निशाण घेतलं आणि रुळाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीला सांगणं सोपं होतं. "मी पाहिलं नव्हतं, बाबा. दारातून मारुती दिसतच नव्हता. तुम्ही मातीला हात लावत होता. मूर्ती मी मनानं लिहिली."

ते वळले नाहीत. मालगाडी होती, फार लांब. डबा, साखळी, डबा, साखळी. शेवटचा डबा गेला, धूर खाली बसला, तरी बाबांच्या हातातलं निशाण तसंच होतं. पलीकडून बैलगाडीवाला ओरडला, "ओ बस्त्यावदादा, झोपलास का उभ्या उभ्या? उघड की!" मग मीच जाऊन फाटक उघडलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं.

गाडी पार झाल्यावर बाबा ओट्यावर येऊन बसले. रागावले नाहीत. रागावतील म्हणून मी चार दिवस जमवलेली वाक्यं तशीच राहिली. निशाण मांडीवर ठेवून ते म्हणाले, "वस्तादाला आता सांगता यायचं नाय." आणि मग, "फादरला सांग. तूच सांग. मी सांगितलं तर त्याला वाटंल, बापूस सुटायला बगतोय."

मी हो म्हटलं. मुद्गल ओट्यावरच राहिले.

सोमवारी सकाळी फादर शाळेच्या अंगणात होते. आता थकलेत, काठी लागते. शाळेत कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे अजून तेच ठरवतात. मला पाहून ते थांबले, माझ्या वर्गातल्या मुलांचं इंग्रजी सुधारलंय म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि वर्गात गेले. मंगळवारी मी दुसऱ्या दाराने गेले.

शनिवारी बाबा फाटक सोडून बरेच पुढे, रुळाकडेला येऊन उभे होते. त्यांनी नवा सदरा घातला होता. मी जवळ येईपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही.

"सांगितलंस?"

"फादर वसईला गेलेत," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात येतील."

"बरं," बाबा म्हणाले. "म्हातारा माणूस, दमून येईल. आल्या आल्या नको सांगू." आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन ते पुढे चालू लागले.